न झालेल्या लढायांचा हिशेब

सीमेवर काही घडलं की आपल्याकडे दोन दिवसांत एक वाक्य ऐकू येतंच: ‘सैन्याला एकदा मोकळा हात द्या, मग बघा.’ त्याला उत्तरही ठरलेलं असतं: ‘सैन्याने हुकूम पाळावा, बाकीचं सरकार बघून घेईल.’ वाद रंगला की पुराव्यादाखल कोरिया युद्धातला अमेरिकी सेनापती जनरल डग्लस मॅकार्थर याला बोलावलं जातं. पहिल्या गटाच्या मते १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने त्याला घरी पाठवलं नसतं, तर चीनचा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला असता. दुसऱ्या गटाच्या मते ट्रूमनने एका घमेंडखोर सेनापतीला त्याची जागा दाखवली आणि तिथे विषय संपला. मला मात्र दोघेही एकाच चुकीवर उभे दिसतात. दोघांच्याही लेखी सेनापती म्हणजे नुसता हात. एकाला तो मोकळा सोडायचाय, दुसऱ्याला बांधून ठेवायचाय. त्या हाताच्या वर एक डोकंही असतं आणि देश त्या डोक्यासाठीही पगार देत असतो, हे दोघांच्या गावी नाही.

मॅकार्थरच्या बडतर्फीवर इतकं लिहिलं-बोललं गेलं, पण त्याच्या रिकाम्या खुर्चीत कोण बसलं, हे विचारून पाहा. शंभरातल्या पाच जणांना सांगता आलं तरी पुष्कळ. त्याचं नाव मॅथ्यू रिजवे. शौर्यासाठी दोनदा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस, दोनदा सिल्व्हर स्टार, नॉर्मंडीत सैनिकांबरोबर स्वतः पॅराशूटने उडी, युरोपात नाटोचा सरसेनापती, शेवटी अमेरिकेचा लष्करप्रमुख. पदकांची ही यादी बाजूला ठेवून मी त्याची कारकीर्द वाचतो, तेव्हा तीन-चार ‘नाही’ उठून दिसतात. सेनापतीची खरी किंमत या नकारांत असते, असं माझं म्हणणं आहे. नुसता नकार कोणीही देईल. तो कोणाला, कुठे, कशाच्या आधारावर दिला आणि ऐकला गेला नाही तेव्हा पुढे काय केलं, यावरून सेनापती कळतो.

रिजवेची सुरुवात नकाराने नाही, नामुष्कीने झाली. १८९५ सालचा जन्म, बाप तोफखान्यातला अधिकारी. एप्रिल १९१७ मध्ये, म्हणजे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली त्याच महिन्यात, तो वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडला. बरोबरीचे फ्रान्सला गेले; याला मेक्सिकोच्या सीमेवर धाडलं आणि मग वेस्ट पॉइंटलाच परत बोलावून स्पॅनिश शिकवायला बसवलं. युद्धाच्या काळात तरुण सैनिकी अधिकाऱ्याने भाषेचे तास घ्यायचे! आपली कारकीर्द इथेच संपली, असं त्याला वाटलं होतं. पण याच स्पॅनिशच्या बळावर तो पुढे निकाराग्वातल्या निवडणुकांवर देखरेख करायला गेला. त्याआधी चीनमध्ये तिएन्त्सिनला जॉर्ज मार्शलच्या हाताखाली होता. तिथे तोफा कमी आणि माणसं, बंदरं, रस्ते, स्थानिक सरकारं जास्त. मला वाटतं, नकाशावरची रेघ आणि जमिनीवरचा चिखल यांतलं अंतर त्याला या कंटाळवाण्या वर्षांनी शिकवलं.

पहिला मोठा नकार सप्टेंबर १९४३ चा. इटली शरण यायच्या बेतात होती. दोस्तांच्या मुख्यालयात एक बेत शिजला की रिजवेची ८२ वी एअरबोर्न डिव्हिजन थेट रोमजवळच्या विमानतळांवर उतरवायची. इटालियन सैन्य विमानतळ राखेल, ट्रक देईल, पेट्रोल देईल. कागदावर फारच देखणा बेत. रोमच्या आसपास दोन जर्मन डिव्हिजन होत्या आणि दोस्तांचं मुख्य सैन्य उतरणार होतं सालेर्नोला, म्हणजे दोनशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला. रिजवेने विचारलं, माझ्या माणसांपर्यंत तुम्ही किती दिवसांत पोचाल? ब्रिटिश जनरल अलेक्झांडरने त्याला निर्धास्त राहायला सांगितलं: तीन दिवस, फार तर पाच. रिजवेचं समाधान झालं नाही. तो गप्पही बसला नाही आणि वर्तमानपत्रांकडेही गेला नाही. प्रत्यक्ष जाऊन बघायला माणूस पाठवा, असा त्याने वरिष्ठांकडे हट्ट धरला. अखेर त्याच्याच डिव्हिजनचा तोफखानाप्रमुख मॅक्सवेल टेलर एका सोबत्यासह गुपचूप, शत्रूच्या ताब्यातल्या मुलखातून रोममध्ये शिरला. इटालियन सेनापतींनी हात वर केले. पेट्रोल नाही, दारूगोळा नाही, शब्द पाळायची ताकद नाही. टेलरचा सांकेतिक निरोप आला आणि विमानं धावपट्टीवर सज्ज असताना मोहीम रद्द झाली.

काही इतिहासकार आजही म्हणतात की त्या गोंधळात छत्रीधारी उतरले असते तर रोम कदाचित पडलं असतं, जर्मन मागे हटले असते. असेलही. ‘कदाचित’चा हिशेब कधी पुरा होत नाही. पण अलेक्झांडरचे तीन ते पाच दिवस तपासता येतात. दोस्त सैन्य रोममध्ये शिरलं ४ जून १९४४ ला. जवळपास नऊ महिन्यांनी.

आता मॅकार्थरकडे येऊ, कारण मोकळ्या हाताच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा त्याच्याकडेच आहे, आणि तो टाळून पुढे जाणं लबाडी होईल. १५ सप्टेंबर १९५० ला त्याने कोरियात, शत्रूच्या ताब्यातल्या सोलजवळ, इंचॉनच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं. तिथे भरती-ओहोटीत जवळजवळ तीस फुटांचा फरक. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल. नौदलातले जाणकार, वॉशिंग्टनहून आलेले सेनाप्रमुख, सगळे साशंक. मॅकार्थरने सगळ्यांना पटवलं, उतरला आणि दोन आठवड्यांत सोल परत घेतलं. म्हणजे ‘नाही’ म्हणणारे त्या दिवशी चुकले. आकडे आणि अहवाल मांडणारा नेहमी शहाणा आणि धडाडीवाला नेहमी अविचारी, असं मी म्हणत असेन तर इंचॉन मला खोटं पाडतं. ते मी मान्य करतो.

पण इंचॉननंतर काय झालं ते बघा. एका विजयाने त्या माणसाभोवती असं तेजोवलय तयार झालं की त्याला प्रश्न विचारायची कोणाची छाती होईना. रिजवेने पुढे मार्मिक लिहून ठेवलंय: त्या दिवसांत मॅकार्थरने एखाद्या पलटणीला पाण्यावरून चालत जा म्हटलं असतं, तरी कोणीतरी करून बघायला तयार झालं असतं. हे वाक्य विनोदी नाही. सैन्य उत्तरेकडे, चीनच्या सीमेवरच्या यालू नदीच्या दिशेने धावत सुटलं, दोन तुकड्यांमध्ये डोंगरांची मोठी फट ठेवून. आणि इशारा नव्हता असं नाही. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चीनचा पंतप्रधान चौ एन-लाय याने पेकिंगमधले आपले राजदूत सरदार पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं की अमेरिकी सैन्याने अडतिसावं अक्षांश, म्हणजे दोन कोरियांमधली सीमा, ओलांडलं तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीमार्फत निरोप वॉशिंग्टनला पोचला. तिथे पणिक्कर चीनधार्जिणे म्हणून निरोपच खोटा ठरला. त्याच महिन्यात वेक बेटावर ट्रूमनने विचारलं तेव्हा चीन येणार नाही आणि आलाच तर त्याची कत्तल होईल, अशी ग्वाही मॅकार्थरने दिली. नोव्हेंबरच्या अखेरीस चिनी फौजांनी कोरियातल्या अमेरिकेच्या आठव्या सैन्याला अशी धडक दिली की अमेरिकी लष्कराच्या इतिहासात इतकी लांब माघार क्वचित झाली असेल. इंचॉनच्या यशात धाडसाइतकंच नशीब होतं, हे कबूल करायला कोणी उरलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

३ डिसेंबरला पेंटॅगॉनमध्ये बैठक भरली. तिन्ही दलांचे प्रमुख, मंत्री, सगळे हजर. कित्येक तास बोलणं झालं, निर्णय मात्र काही नाही. रिजवे तेव्हा लष्कराचा उपप्रमुख, म्हणजे त्या खोलीत धाकटा. तरी तो उभा राहिला आणि म्हणाला की बोलण्यात फार वेळ गेला, तिकडे माणसं मरताहेत, आपण त्यांना काहीतरी देणं लागतो. कोणी उत्तर दिलं नाही. बैठक संपल्यावर त्याने हवाई दलप्रमुख व्हॅन्डनबर्गला गाठून विचारलं, मॅकार्थरला सरळ हुकूम का देत नाही? उत्तर आलं, देऊन काय उपयोग, तो पाळणार नाही. रिजवे उसळला: जो हुकूम पाळत नाही त्याला काढता तर येतं ना? व्हॅन्डनबर्ग त्याच्याकडे नुसता बघत राहिला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. मॅकार्थरच्या बंडाला एकटा मॅकार्थर जबाबदार नव्हता. छातीवर पदकांच्या रांगा असलेल्या, रणांगणावर कोणाला न भ्यालेल्या माणसांनी टेबलाभोवती बसून मौन पाळलं, म्हणून ते वाढलं. शौर्य रणांगणावर असतं म्हणून बैठकीतही असेल, असं आपण का धरून चालतो?

तीन आठवड्यांत आठव्या सैन्याचा सेनापती वॉकर जीपच्या अपघातात गेला आणि रिजवेला रातोरात कोरियात धाडलं. टोकियोत त्याने मॅकार्थरला विचारलं, परिस्थिती मला अनुकूल वाटली आणि मी हल्ला केला तर तुमची हरकत? मॅकार्थरने सांगितलं की आठवं सैन्य आता तुझं, तुला योग्य वाटेल ते कर. आपल्या मोकळ्या हातवाल्यांनी हे वाक्य नीट ऐकावं. रिजवेला मोकळा हात मिळाला होता आणि त्याने तो पुरता वापरला. पराभूत, थिजलेल्या सैन्यात तो छातीवर हातबॉम्ब अडकवून पुढच्या रांगांतून फिरला. गरम जेवण पुढपर्यंत पोचतंय का, हातमोजे आहेत का, घरी पत्र लिहायला कागद आहे का, हे त्याने आधी पाहिलं. ज्या अधिकाऱ्यांकडे माघारीच्या योजना होत्या आणि हल्ल्याची एकही नव्हती, त्यांची उचलबांगडी केली. ४ जानेवारीला सोल पुन्हा हातचं गेलं. पण फेब्रुवारीत चिप्योंग-नी इथे एका अमेरिकी रेजिमेंटने आणि फ्रेंच बटालियनने वेढ्यात राहून चिनी लाटा परतवल्या आणि मार्चच्या मध्याला सोल परत आलं. त्याच्या एका मोहिमेचं नाव ‘किलर’ होतं. वॉशिंग्टनला ते बटबटीत वाटलं, याने बदललं नाही. रिजवेला शांतिदूत समजून कोणी हा लेख वाचत असेल तर त्याने इथे थांबून विचार करावा. त्या मोहिमांत तोफखान्याने आणि विमानांनी कोरियाची जी धूळधाण केली, तिचा वाटा त्याच्याही नावावर आहे.

पण खरा मुद्दा पुढे आहे. मॅकार्थर सांगत होता की दोनच वाटा आहेत, एक तर चीनवर बॉम्ब टाका, नाकेबंदी करा, तैवानमधल्या चँग कै-शेकचं सैन्य आणा. नाही तर कोरिया सोडा. रिजवेने त्याच सैन्यानिशी, त्याच सीमांत राहून तिसरी वाट चालून दाखवली. मॅकार्थरचा युक्तिवाद ट्रूमनच्या कुठल्याही भाषणाने पडला नाही. तो सोलजवळ हान नदीच्या काठी पडला. मग मॅकार्थरने विरोधी पक्षाच्या नेत्याला पत्र लिहून सरकारच्या धोरणावर टीका केली, ते ५ एप्रिलला प्रतिनिधिगृहात वाचलं गेलं आणि ११ एप्रिल १९५१ ला त्याला काढलं. न्यूयॉर्कमध्ये लाखो लोकांनी त्याची मिरवणूक काढली. त्याच्या जागी आलेल्या रिजवेने काय केलं? जुलैत युद्धबंदीची बोलणी सुरू झाली. सीमारेषेच्या प्रश्नावर वॉशिंग्टनची सबुरी त्याला अजिबात पसंत नव्हती. रेशीम कमी आणि पोलाद जास्त हवं, असं त्याने वर कळवलं. वॉशिंग्टनने ऐकलं नाही. त्याने हुकूम पाळला, आणि हे मतभेद त्या वेळी कुठल्याही मिरवणुकीत पोचले नाहीत.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ट्रूमनने सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला होता १९४८ मध्ये. लष्कर तो तीन वर्षं चघळत बसलं होतं. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या पलटणी मोडून सैनिक एकत्र करायची परवानगी रिजवेने १९५१ मध्ये स्वतःहून मागितली. हुकूम न पाळण्याचे शंभर सभ्य मार्ग असतात, आणि त्यांचा गाजावाजा होत नाही.

आता १९५४. रिजवे लष्करप्रमुख झाला होता. व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या खोऱ्यात फ्रेंच सैन्य वेढलं गेलं. तिन्ही दलांच्या प्रमुखांचा अध्यक्ष अॅडमिरल रॅडफर्डने बेत मांडला की अमेरिकी विमानांनी बॉम्बवर्षाव करून वेढा फोडावा. उपराष्ट्राध्यक्ष निक्सन वेळ पडल्यास सैन्य पाठवायची भाषा करत होता. रिजवेने विरोध केला आणि विरोध करताना तत्त्वज्ञान सांगितलं नाही. त्याने इंजिनीअर, वैद्यकीय, रसद अशा सगळ्या शाखांच्या जाणकारांची तुकडी इंडोचायनात, म्हणजे व्हिएतनाम आणि त्याच्या शेजारच्या फ्रेंच मुलखात, पाठवली. बंदरात एका वेळी किती जहाजं लागतात? रस्ते ट्रकचं वजन पेलतील का? पावसाळा किती महिने? मलेरियाने किती माणसं आडवी होतील? टेलिफोनच्या तारा आहेत का? उत्तरं गोळा झाली आणि हिशेब निघाला: विमानांनी भागणार नाही, पायदळ लागेल, फ्रेंच बाहेर पडले तर सात डिव्हिजन, चीन उतरला तर बारा. हा कागद राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरपुढे गेला. अमेरिका त्या वर्षी गेली नाही. ७ मे ला दिएन बिएन फू पडलं.

श्रेय एकट्या रिजवेला देणं चूक होईल. आयझेनहॉवर स्वतः मुरलेला सेनापती, त्याला कोणी डिव्हिजन मोजायला शिकवायची गरज नव्हती. काँग्रेसचे नेते मित्रराष्ट्रांशिवाय पुढे जायला तयार नव्हते आणि ब्रिटनने साफ नकार दिला होता. तरीही त्या कागदामुळे एक गोष्ट झाली. ‘थोडीशी विमानं पाठवू, बघू काय होतं’ असं म्हणायची सोय राहिली नाही. युद्धं बहुतेक वेळा अशीच सुरू होतात, शेवटाचा आकडा न विचारता. रिजवेने शेवटाचा आकडा पहिल्याच पानावर लिहिला. मॅकार्थरचा सल्ला त्याच्या कीर्तीवर उभा होता, तो पटवून घ्यायचा तर माणूस पटायला हवा. रिजवेचा सल्ला बंदराच्या धक्क्यावर जाऊन मोजपट्टीने तपासता येत होता. त्यासाठी रिजवेवर श्रद्धा असायची गरज नव्हती. लोकशाहीत सेनापतीने कोणत्या प्रकारचा सल्ला द्यावा, हे मला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

याच माणसाविरुद्धचा सगळ्यात चांगला आक्षेप पुढच्या वर्षाचा आहे. आयझेनहॉवरचं धोरण होतं की अणुबॉम्बच्या धाकावर भिस्त ठेवायची आणि महागडं पायदळ कमी करायचं. सुमारे पंधरा लाखांचं लष्कर दहा लाखांकडे आणायचं. रिजवेने कडवा विरोध केला. सरकारने सांगितलं होतं की या कपातीला सेनाप्रमुखांची संमती आहे. सिनेटच्या समितीने विचारलं तेव्हा याने माझी नव्हती असं सांगितलं. १९५५ च्या जूनमध्ये निवृत्त होताना त्याने संरक्षणमंत्री विल्सनला लिहिलेलं परखड पत्र वर्तमानपत्रात फुटलं आणि पुढच्या वर्षी त्याच्या आठवणी छापून आल्या. मग हा मॅकार्थरपेक्षा वेगळा कसा? शिवाय हा आपल्याच दलाचं ताट वाढवून मागत नव्हता का? आणि आयझेनहॉवरच्या काळात मोठं युद्ध झालं नाही, हेही खरंच ना?

दलाचा स्वार्थ होता, हे मी नाकारत नाही. कुठल्या लष्करप्रमुखाला आपलं लष्कर लहान झालेलं आवडेल? पण मॅकार्थरने पदावर असताना, युद्ध चालू असताना, विरोधी पक्षामार्फत राष्ट्राध्यक्षाचं धोरण उलथवू पाहिलं. रिजवेने कायद्यानेच प्रश्न विचारायचा अधिकार असलेल्या समितीला खरं उत्तर दिलं. लोकप्रतिनिधींनी विचारल्यावर मंत्र्याला सोयीचं खोटं बोलणं, ही जर आज्ञाधारकता असेल तर तिचा उपयोग कोणाला? पत्र फुटलं ते वाईटच. आठवणी इतक्या घाईने छापणं मला रुचत नाही. मात्र एका पत्राची आणि एका पुस्तकाची बंडाशी तुलना करणं म्हणजे सर्दीला क्षय म्हणणं.

‘इतकंच पटत नव्हतं तर राजीनामा द्यायचा,’ असं म्हणणारा एक तिसरा गट आहे. ऐकायला बाणेदार वाटतं. पण राजीनामा ही एकच गोळी असलेली बंदूक आहे, आणि ती उडवली की पुढचा हिशेब मांडायला खोलीत तुम्ही नसता. आपले लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बिनसल्यावर राजीनामा दिला आणि नेहरूंच्या शब्दाखातर मागे घेतला. मग संसदेत नेहरूंनीच त्यांना दोन शब्द सुनावले. त्यानंतरच्या त्यांच्या सल्ल्याला किती वजन राहिलं असेल?

त्याच काळात पूर्व विभागाची सूत्रं लेफ्टनंट जनरल थोरातांकडे होती. कोल्हापूरकडचे हे शंकरराव थोरात आणि रिजवे यांच्यात एक धागा आहे, तो कोरियाचा. रिजवेने सुरू केलेल्या वाटाघाटी दोन वर्षांनी संपल्या, तेव्हा मायदेशी जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर युद्धकैद्यांचं काय करायचं, हा पेच उरला. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख थोरात. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणात शिरले होते. अशा माणसाला घाबरट कोण म्हणेल? पण १९५९ मध्ये त्यांनी लेखी योजना पाठवली की नेफात (आजच्या अरुणाचलात) सीमारेषेला चिकटून तुटपुंजी ठाणी मांडू नका, संरक्षणाची फळी मागे बोमडिलाच्या बाजूला घ्या, चिन्यांची रसद लांबू द्या. पुढच्या मार्चमध्ये लखनौला त्यांनी तो सराव करून दाखवला. मेनन यांना ही भीती पसरवण्याची भाषा वाटली आणि कागद बाजूला पडला. थोरात १९६१ मध्ये निवृत्त होऊन घरी आले. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला आणि महिन्याभरात बोमडिलाही गेलं. त्यानंतर सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला वगैरे आपण अभिमानाने सांगतो. त्याच सह्याद्रीतला एक माणूस तीन वर्षं आधी हिशेब देऊन बसला होता, हे सांगायला विसरतो.

मोकळ्या हाताच्या बाजूने शेवटचा एक मुद्दा राहतो आणि तो खरा आहे. व्हिएतनाममध्ये कुठल्या पुलावर बॉम्ब टाकायचा हे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मंगळवारच्या जेवणात ठरवत असे; अशी ढवळाढवळ सैनिकांच्या जिवावर उठते. मान्य. लढाई कशी लढायची यात सेनापतीला मोकळीक हवीच, रिजवेला कोरियात होती तशी. पण लढाई कशासाठी, कोणाशी आणि कुठवर, हे मोकळ्या हातात येत नाही. आणि व्हिएतनामचं दुखणं जॉन्सनच्या जेवणाच्या टेबलावर सुरू झालंच नव्हतं. १९६५ मध्ये सैन्य वाढवायचं ठरत होतं, तेव्हा सेनाप्रमुखांना मनातून माहीत होतं की लागणारी माणसं आणि वर्षं सरकार सांगतंय त्याच्या कित्येक पट आहेत. रिजवेसारखा आकडा पहिल्या पानावर लिहून तो तिथेच ठेवायचा आग्रह कोणी धरला नाही. २५ फेब्रुवारी २००३ ला जनरल एरिक शिन्सेकीला सिनेटच्या समितीने विचारलं, इराक ताब्यात ठेवायला किती सैन्य लागेल? व्हिएतनाममध्ये पायाचा भाग गमावलेल्या या लष्करप्रमुखाने सांगितलं, काही लाख. दोन दिवसांत उपसंरक्षणमंत्री वुल्फोविट्झने तो अंदाज पार चुकीचा ठरवला. जूनमध्ये शिन्सेकी निवृत्त झाला. इराकमध्ये पुढे काय झालं ते सांगायला नको. आपल्या टीव्हीवर रोज संध्याकाळी मिशीला पीळ देत बसणाऱ्यांपैकी किती जणांनी नोकरीत असताना असा एक आकडा कोणा मंत्र्यासमोर ठेवला असेल, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो. ठेवला असेल तर तो आपल्याला कळणार नाही, हेही आहेच. तसा तो कळूही नये.

म्हातारपणी रिजवेने लिहिलं नाही, निवृत्तीनंतर लगेच लिहिलं: देवापुढे उभा राहीन तेव्हा मला कशाचा नम्र अभिमान असेल, तर हजारोंचे जीव गेले असते अशा काही अविचारी बेतांना आडवा गेलो याचा. त्या यादीत त्याने रोमही धरलं आणि इंडोचायनाही. ते छापलं गेलं तेव्हा १९५६ होतं. व्हिएतनामचं नाव अजून अमेरिकी घराघरात पोचायचं होतं.

मार्च १९६८ मध्ये, व्हिएतनाममधल्या कम्युनिस्टांच्या मोठ्या टेट हल्ल्यानंतर, जॉन्सनने काही जुन्या जाणत्यांना सल्ल्यासाठी बोलावलं. त्यांत ७३ वर्षांचा रिजवे होता आणि मॅक्सवेल टेलरही. तोच टेलर, जो १९४३ मध्ये जिवावर उदार होऊन रोममध्ये शिरला होता आणि बेत फसवा आहे हे सांगून परतला होता. मधल्या काळात तो केनेडीचा सल्लागार झाला, १९६१ मध्ये व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवा असा सल्ला त्याने दिला, पुढे सायगावला राजदूत म्हणून राहिला. त्या बैठकीत बहुतेकांचं मत पडलं की आता बाहेर पडायची वाट शोधा. रिजवे त्यांच्यात होता. टेलर नव्हता. ३१ मार्चला जॉन्सनने पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. व्हिएतनाममध्ये त्या दिवशी पाच लाखांवर अमेरिकी सैनिक होते.